सागवानाच्या फळ्यांचा रंग जुळत नाही: स्टेनर मारावा की फळ्या जुळवाव्यात?

जेवणाच्या टेबलासाठी आणलेल्या पाच फळ्यांवर सुताराने रंधा मारला आणि पाचही वेगळ्या रंगाच्या निघाल्या. एक हिरवट, एकीवर काळसर रेघा, एकीच्या कडेला पांढरट पट्टा. आई म्हणाली, "वखारवाल्याने फसवलं." पॉलिशवाल्याकडे एकच उपाय होता, स्टेनर, म्हणजे लाकडात मुरणारा रंग: "वॉलनट स्टेनर मारू, सगळं एक दिसेल."

थांबा. आधी फरक कुठला आहे ते बघा.

ताज्या रंधलेल्या सागवानाचा गाभा, म्हणजे ओंडक्याच्या आतलं गडद लाकूड, रंगाने असा विस्कळीत दिसतोच. उजेड लागला की काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत तो सोनेरी तपकिरीवर येतो आणि हिरवटपणा जातो. आमच्या फळ्या गॅलरीत एकावर एक होत्या, वरची जरा सरकलेली. आठवड्याने ती उचलली तर खालच्या फळीवर पट्टीने आखल्यासारखी रेघ! उघडा भाग मधाच्या रंगाचा, झाकलेला अजून हिरवट. फळ्या सुट्या करून भिंतीला उभ्या केल्यावर ती रेघही विरली. सालीलगतच्या पांढऱ्या भागाचं मात्र असं होत नाही. तो गाभ्याइतका गडद कधीच होत नाही, शिवाय वाळवी आणि भुसा पाडणारा किडा तिथेच आधी लागतो.

आता स्टेनर. काम दोन दिवसांत उरकतं आणि वेगवेगळ्या लॉटमधल्या फळ्या बऱ्यापैकी जवळ येतात. टीक प्लायच्या (वर सागवानाचा पातळ पापुद्रा चिकटवलेल्या प्लायवूडच्या) कपाटाला भरीव सागवानाची पट्टी लावली असेल तर दोन्हींचा रंग हमखास वेगळा दिसतो. तिथे मीही हलका स्टेनर मारून घेईन. पण गडद स्टेनरखाली सागवानाच्या रेषा बुजतात, आणि ओरखडा पडला की आतलं फिकट लाकूड डोळ्यांत येतं. मला सगळ्यात खटकतं ते वेगळंच: आज हिरवट फळीवर बेतलेली छटा, खालचं लाकूड महिन्याभरात बदललं की चुकते. म्हणजे जो फरक आपोआप जाणार होता, त्यावर पैसे घालून नवा फरक तयार करायचा.

फळ्या जुळवायच्या तर वखारीत वेळ द्यावा लागतो. टेबलाच्या वरच्या भागासाठी एकाच ओंडक्याच्या फळ्या मागा. जागेवर थोडा रंधा मारून घ्या आणि ओला फडका फिरवा. पॉलिशनंतरच्या रंगाचा अंदाज तिथेच येतो. पांढरा भाग कापायचा म्हणजे घनफुटामागे मोजलेले पैसे थोडे वाया जातात, हे खरं. पाय दुसऱ्या ओंडक्याचे असले तरी चालतं, उभ्या लाकडावर उजेड वेगळा पडतो आणि फरक कुणाला कळत नाही. मग दोन-तीन आठवडे फळ्या उजेडात ठेवून वर पारदर्शक पॉलिश. लाखेच्या पॉलिशने रंगाला छान ऊब येते, पण गरम कपाचे पांढरे डाग पडतात. म्हणून जेवणाच्या टेबलाला मेलामाईन किंवा पीयू (पॉलियुरेथेन) ही कडक थराची पॉलिशं बरी. सागवान तेलकट असतं. पीयूआधी थिनरने पुसून घ्यायला सांगा, नाहीतर कोट लवकर वाळत नाही.

बोटभर पांढरा पट्टा राहिलाच, तर तेवढ्यावरच पातळ स्टेनरचे दोन-तीन हात द्या, उजेडात मुरलेल्या गाभ्याचा रंग समोर ठेवून. त्याच फळीच्या तुकड्यावर आधी करून बघा, शेवटच्या कोटापर्यंत, आणि दिवसाउजेडी.

टेबल, पलंग, देव्हारा असेल आणि महिनाभर हाताशी असेल, तर माझं मत स्पष्ट आहे: फळ्या जुळवा. प्लायचं कपाट असेल, किंवा घरात पुढच्या आठवड्यात कार्य असेल, तर स्टेनर घ्या, पण लाकडाच्या जवळच्या छटेचा.

आणि टेबल नवं असताना त्यावर फुलदाणी किंवा रुमाल एकाच जागी ठेवू नका, खाली वेगळ्या रंगाचा ठसा उमटतो.