लहान माशांसाठी स्वस्त फिले सुरी: आठ महिन्यांच्या वापरानंतर

बांगडा, मुडदुशी, राणी, बोंबील असे वीतभर किंवा त्याहून जरा मोठे मासे घरी साफ करायचे, बांगड्याचा मधला काटा काढून दोन सपाट तुकडे (फिले) करायचे, एवढ्या कामाला ३८० रुपयांची सुरी पुरते का? आठवड्यातून दोनदा, प्रत्येक वेळी किलोभर मासळी, असा आठ महिने वापर झाल्यावर उत्तर आहे: पुरते. मात्र 'फिले नाइफ' म्हणून विकायला ठेवलेली कुठलीही सुरी उचलून चालत नाही. यातल्या बऱ्याचशा सुऱ्या सुरमई-रावसाच्या मापाच्या असतात.

या सुरीचे पाते ६ इंच लांब, मुठीजवळ २० मिमी रुंद आणि पाठीकडे साधारण दीड मिमी जाड. मूठ काळ्या प्लॅस्टिकची, खरखरीत. ७-८ इंची पाते बांगड्यावर चालवले की टोक माशाच्या पलीकडे पाटावर घासत राहते, आणि काट्यावरून पाते सरकतेय की मांसात शिरतेय याचा अंदाज बोटांना येत नाही. २० ते २५ सेंमीच्या माशाला ६ इंच ही वरची मर्यादा समजा. मुडदुशी आणि राणीला तर ४ इंचच बरे.

लांबीपेक्षाही महत्त्वाचा आहे लवचीकपणा. स्वस्त सुऱ्या इथेच फसतात. दुकानात टोक लाकडी फळीवर टेकवून पाठीवर बोटाने हलका दाब द्या. टोकाकडचा तिसरा भाग वाकला पाहिजे, मुठीकडचा भाग ताठ राहिला पाहिजे आणि हात काढताच पाते सरळ झाले पाहिजे. सगळे पातेच पट्टीसारखे लवत असेल तर बांगड्याच्या बरगड्यांपाशी ते वर उचलले जाते आणि निम्मे मांस काट्याला चिकटून राहते. अजिबात लवत नसेल तर ती भाजीची सुरी आहे, नाव काहीही असो. दाबल्यावर किंचित वाक राहिला तर पोलाद नरम आहे.

सोबत छोटा लोहचुंबक न्या. धार टिकावी म्हणून कडक करता येणारे स्टेनलेस चुंबकाला चिकटते. ताटवाट्यांचे नेहमीचे स्टेनलेस सहसा चिकटत नाही, आणि पाणी देऊन (तापवून एकदम थंड करून) ते कडकही होत नाही. चिकटले म्हणजे पोलाद उत्तम असे सिद्ध होत नाही, पण चिकटले नाही तर ती सुरी परत ठेवा.

आता कामाचे. मासा थंड हवा. बर्फात अर्धा तास ठेवलेला बांगडा कापताना घट्ट राहतो. पिशवीत तासभर फिरून आलेला मऊ पडतो आणि मांस थरांत सुटते. बांगड्याच्या बाबतीत हे चवीपुरते नाही. उष्णतेत राहिलेल्या बांगड्यात हिस्टामाइन तयार होते, ते शिजवूनही जात नाही, आणि खाल्ल्यावर अंगावर पित्त उठल्यासारखा त्रास होतो. म्हणून एकेक मासा बाहेर काढायचा, बाकीचे बर्फातच.

कल्ल्यामागून तिरके कापून डोके काढा. गुदद्वारापासून डोक्याकडे पोट चिरताना टोक जेमतेम ४-५ मिमी आत ठेवा. जास्त गेले तर आतडी फाटून कडवटपणा मांसाला लागतो. आतली घाण काढल्यावर काट्याला लागून गडद रक्ताची रेघ दिसते. तिच्यावरची पातळ त्वचा टोकाने उभी चिरून ती अंगठ्याच्या नखाने वाहत्या पाण्याखाली काढा. सुरीच्या टोकाने खरवडू नका. या सुरीचे टोक तिसऱ्या महिन्यात बोथट झाले ते याच सवयीमुळे.

मग मासा कोरडा पुसा. ओल्या बांगड्यावर कुठलीच सुरी सुरक्षित नाही. उजव्या हाताने काम करत असाल तर डोक्याकडची बाजू उजवीकडे ठेवा, डावा तळवा माशावर सपाट, बोटे वर उचललेली. पाते मधल्या काट्याच्या किंचित वर टेकवा, धार शेपटीकडे, आणि काट्यावर हलका दाब ठेवून लांब ओढीने पुढे न्या. बारीक कट-कट आवाज येत राहिला की पाते योग्य जागी आहे. आवाज थांबला तर तुम्ही मांसात आहात. करवतीसारखे मागेपुढे केले की तुकड्यावर पायऱ्या पडतात. दोन-तीन ओढींत एक बाजू सुटायला हवी. नाही सुटली तर धार गेली आहे. पोटाकडच्या बरगड्या पाते जवळजवळ आडवे धरून पातळ छिलून काढा. मधोमध उरणारे बारीक काटे बोटाला लागतात. ते चिमट्याने डोक्याच्या दिशेने ओढा किंवा दोन्ही बाजूंनी उथळ चीर देऊन ती पट्टीच काढा.

बोंबलाला वेगळी पद्धत. त्यात पाणी इतके की बोथट सुरी मांस चिरत नाही, रेटते. डोके, पर, शेपूट कात्रीने काढून पोटाकडून उभी चीर द्या, पाते काट्याच्या एका बाजूने घासत न्या, मासा पुस्तकासारखा उघडा, मग दुसऱ्या बाजूने काटा सोडवा. इथे पात्याचे फक्त पुढचे ३ इंच कामाला येतात. नंतर फडक्यात घालून वर वजन ठेवून चेपायचे, ते तुम्हाला ठाऊक आहेच.

मांदेली आणि तारलीला ही सुरी लागतच नाही. मांदेलीचे डोके बोटांनी चिमटून ओढले की पोटातले सोबत येते. तारलीचे खवले अंगठ्याने निघतात आणि ताज्या तारलीचा काटाही अंगठ्याने सुटतो. मुडदुशीचे खवले मात्र चिवट. ते पात्याच्या पाठीने, शेपटीकडून डोक्याकडे, पाण्याच्या भांड्यात मासा बुडवून काढा, म्हणजे भिंतीवर उडत नाहीत.

धार हा स्वस्त सुरीचा खरा खर्च. नवी असताना तिने पिकला टोमॅटो वजनानेच चिरला. दोन आठवड्यांत, म्हणजे चार किलो मासळीत, बांगड्याच्या पोटाची कातडी अडू लागली. पोलाद नरम, त्यामुळे हे होणारच. पण नरम असल्यामुळे धार परत यायलाही पाच मिनिटे पुरतात. धार लावायचा १००० ग्रिटचा (मध्यम खरखरीत) पाण्याचा दगड दहा मिनिटे भिजवा, पाठ दगडापासून साधारण ५ मिमी वर धरा (२० मिमी रुंद पात्याला हा सुमारे १५ अंशांचा कोन होतो), दोन्ही बाजूंनी १०-१२ वेळा ओढा. दुसऱ्या बाजूला बोटाला खरबरीत कोर (घासून वळलेली बारीक कड) लागली की बाजू बदला, शेवटी अगदी हलक्या हाताने एकेक ओढ. दगड नसेल तर चिनीमातीच्या कपाच्या बुडाची खरखरीत कड तात्पुरती चालते. खाचेतून सुरी ओढायची यंत्रे टाळा, ती पातळ पात्याची धार करवतीसारखी करतात. धारवाल्याच्या फिरत्या चाकावर विळी बिनधास्त द्या. ही सुरी देऊ नका, कारण पातळ कड तापून निळसर झाली की तिथले पाणी उतरते.

ग्रॅनाइटच्या ओट्यावर थेट कापले तर एका बैठकीत धार जाते. लाकडी किंवा प्लॅस्टिकचा पाट घ्या, खाली ओले फडके.

दोन तक्रारी आहेत. एक, पाते आणि मूठ यांच्यामध्ये केसाएवढी फट होती. तिच्यात माशाचा चिकटा शिरून दुसऱ्या महिन्यापासून वास येऊ लागला. फटीत साबणपाणी, मग पूर्ण सुकवून इपॉक्सी (दोन भाग मिसळून लावायचा घट्ट गोंद) भरल्यावर तो थांबला. घेताना नख फिरवून पाहा. फट नसलेली, पात्यावरच ओतलेली मूठ असेल तर पन्नास रुपये जास्त द्या. दोन, मुठीजवळ तांबूस ठिपके आले. मीठ-लिंबू लागलेली सुरी सिंकमध्ये पडून राहिली की स्टेनलेसलाही खळगे पडतात. आधी गार पाण्याने धुवा (गरम पाण्याने चिकटा शिजून घट्ट बसतो), मग साबण, वासासाठी चिंचेचा चोथा चोळून लगेच धुवा, पुसून कोरडी करा. १ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीत सुरी खणात पडून राहते आणि दमट हवेने तेव्हाच जास्त गंजते. ठेवण्याआधी खोबरेल तेलाचा पुसटसा हात फिरवा.

जास्त पैसे घालायचे तर कशात? फिनलंडच्या रापाला कंपनीची बर्च लाकडाच्या मुठीची फिले सुरी ४ इंचातही मिळते आणि हे माप आपल्या मासळीला अगदी नेमके आहे. धार जास्त टिकते, पण किंमत कितीतरी पट. त्याआधी दगड घ्या. धारदार स्वस्त सुरी बोथट महागड्या सुरीपेक्षा स्वच्छ तुकडा काढते.

विळीची जागा मात्र ही घेत नाही. दोन्ही हातांनी मासा धरून कालवणाच्या तुकड्या करायला, डोके फोडायला विळीच हवी. या पातळ पात्याने डोक्याचे हाड तोडायला गेलात तर धारेला दाते पडतील. बर्फात दगड झालेल्या माशावरही चालवू नका. आणि घरात महिन्यातून एकदा मांदेली, कधी सोडे-सुकट, एवढीच मासळी येत असेल तर सुरी घेऊच नका, दीडशे रुपयांची कात्री घ्या.