कचराळीची फेरी, जिम की ऑफिसचा जिना? ठाणे-ऐरोली करणाऱ्यांसाठी तुलना

ऑफिसच्या वार्षिक तपासणीचे रिपोर्ट आले की जेवणाच्या टेबलावर तोच विषय. कुणाची साखर काठावर आलेली, कुणाचं बीपी वाढलेलं, आणि मग प्रश्न: जिम लावू की सकाळी चालायला जाऊ? ठाण्यात राहून नवी मुंबईतल्या ऐरोली, रबाळे, घणसोली, महापे या पट्ट्यात दिवसभर बसून काम करणाऱ्यांचा विचार करून मी इथे तीन पर्याय शेजारी शेजारी ठेवते आहे. सकाळी तलावावर चालणं, जिम, आणि वेगळा वेळ न काढता ऑफिसच्या दिवसातच केलेली हालचाल. तिन्हींचा उपयोग वेगवेगळा आहे. आपल्याला नेमकं काय कमी पडतंय हे न बघता फी भरली की दोन महिन्यांत सगळं सुटतं, हे मी आजूबाजूला खूप पाहिलंय.

आधी, मुळात लागतं किती? जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे मोठ्या माणसाला आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम जोराचा किंवा ७५ ते १५० मिनिटं चांगला दमवणारा व्यायाम हवा. शिवाय आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंना ताण देणारं काहीतरी. ही दुसरी अट बहुतेक जण वाचतच नाहीत. आधीच्या शिफारशींत व्यायाम सलग दहा मिनिटं तरी हवा असं होतं, ते २०२० मध्ये काढून टाकलं. म्हणजे तीन-चार मिनिटांचा जिनाही हिशेबात धरला जातो.

आणि बसण्याचं काय? २०१६ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात दहा लाखांहून जास्त लोकांची माहिती एकत्र करून केलेला अभ्यास आला. दिवसाला आठ तासांपेक्षा जास्त बसणाऱ्यांचा मृत्यूचा वाढीव धोका रोज ६० ते ७५ मिनिटांच्या मध्यम व्यायामाने जवळपास भरून निघतो, असं त्यात दिसलं. पण रोजचा सव्वा तास कुठून आणायचा? घोडबंदरला राहणाऱ्याचा तेवढा वेळ तर माजिवड्याच्या सिग्नललाच जातो. त्यामुळे एकाच पर्यायावर सगळं भागवायचा हट्ट मला तरी पटत नाही.

सकाळी तलावावर

पाचपाखाडी, नौपाडा, चरई भागात राहत असाल तर तुम्ही नशीबवान आहात. महापालिकेशेजारचा कचराळी तलाव, स्टेशनकडे मासुंदा, वर्तकनगरच्या बाजूला उपवन आणि त्यामागे येऊरचा चढ. फुकट, मोकळं, आणि रोज तीच माणसं भेटत असल्यामुळे दांडी मारली की विचारणारंही कुणीतरी असतं. सवय टिकायला या विचारणाऱ्या माणसांची मोठी मदत होते.

अडचण वेगाची आहे. कचराळीला सकाळी पाहा, अर्धे लोक गप्पांच्या चालीने चालत असतात. त्याने मन ताजं होतं, पण हृदयाला फारसं काम पडत नाही. वेग तपासायला घड्याळ लावून १५ सेकंदांत पडलेली पावलं मोजा. साधारण २५ पडली, म्हणजे मिनिटाला शंभर, तर ती मध्यम जोराची चाल झाली. दुसरी खूण अशी की बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही. रोज दहा हजार पावलांचा आकडा मनावर घेऊ नका. तो १९६० च्या दशकात जपानमधल्या एका पेडोमीटरच्या जाहिरातीतून रूढ झाला. सात-साडेसात हजार पावलांतही बराचसा फायदा पदरात पडतो, असं नंतरच्या अभ्यासांत दिसतं.

जून ते सप्टेंबर ही सवय हमखास तुटते, आणि मग गणपती, नवरात्र, दिवाळी करत थेट जानेवारी उजाडतो. थंडीत पहाटे धूर-धुळीची हवाही खाली साचून राहते. दमा किंवा सर्दीचा त्रास असणाऱ्यांनी डिसेंबर-जानेवारीत अंधारात निघण्यापेक्षा ऊन वर आल्यावर निघावं. कोवळ्या उन्हात ड जीवनसत्त्व भरपूर मिळतं या भरवशावरही राहू नका. सूर्य खाली असताना त्यासाठी लागणारे किरण फारसे पोचत नाहीत. त्या बाबतीत दुपारच्या सुट्टीतली दहा मिनिटं जास्त उपयोगाची.

जिम

जिमची शिफारस मी वजन कमी करण्यासाठी करत नाही. आपल्या शरीराची ठेवणच अशी आहे की आपल्याला स्नायूंकडे लक्ष द्यावं लागतं. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी यावर अनेक वर्षं काम केलंय. त्यांचा आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ने छापला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, एकच, २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२ टक्के. हातपाय काटकुळे, पोट तेवढं सुटलेलं, वजनकाटा मात्र ‘सगळं ठीक’ म्हणतो, अशी माणसं प्रत्येक ऑफिसात आहेत. त्यांनी काट्याऐवजी टेप वापरावा. आपल्याकडे कमरेचा घेर पुरुषांत ९० सेंटिमीटर आणि बायकांत ८० सेंटिमीटरच्या वर गेला की सावध व्हायचं.

जेवणानंतर रक्तातली बरीचशी साखर स्नायू उचलतात. स्नायू कमी असतील किंवा वापरात नसतील तर ती साखर रक्तातच रेंगाळते. म्हणून साखर काठावर असलेल्या, दिसायला बारीक असलेल्या माणसाला नुसतं चालणं पुरत नाही. इथे जिमला पर्याय नाही असं मात्र नाही, पर्याय घरातही आहे. जेवणाच्या टेबलाची खुर्ची घ्या. हात छातीशी घडी करून, कुठेही न टेकता उठा आणि सावकाश बसा. खाली येताना मनात तीन आकडे मोजा, धपकन बसू नका. दहा वेळा केलं की मांड्या बोलायला लागतात. मग ओट्याला हात टेकवून, अंग तिरकं ठेवून दंड काढा. हे सोपं वाटायला लागलं की पाठीवरच्या सॅकमध्ये पाण्याच्या बाटल्या भरा. आठवड्यातून दोन दिवस, वीस-पंचवीस मिनिटं. सुरुवातीला एवढं खरंच पुरे.

तरीही जिम लावायची असेल तर ती घर आणि स्टेशन यांच्यामध्ये असावी. घरी जाऊन, कपडे बदलून परत बाहेर पडू असं ठरवणारे फार टिकत नाहीत. साडेसातला ऐरोलीहून लोकल, आठला ठाणे, मग रिक्षाची रांग. त्यानंतर जिम केली की जेवण दहाला आणि झोप बारानंतर. झोप कापून केलेल्या व्यायामाचं मला कौतुक वाटत नाही. झोप कमी पडली की दुसऱ्या दिवशी चारला वडापाव आठवतोच. सकाळची जिम जमत असेल तर तीच लावा. वर्षाची ऑफर कितीही गोड असली तरी पहिले तीन महिने महिन्याची फी द्या, थोडी जास्त पडली तरी. प्रोटीनच्या डब्याची घाई नको. आधी जेवणात उसळ, डाळ, दही, अंडी किती आहेत ते बघा.

ऑफिसच्या वेळेतच

याला लोक व्यायाम मानतच नाहीत आणि मला तेच खटकतं. ब्रिटिश संशोधक जेरी मॉरिस यांनी लंडनच्या डबलडेकर बसवरचे ड्रायव्हर आणि कंडक्टर यांची तुलना १९५३ मध्ये प्रसिद्ध केली. दिवसभर बसून असणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा जिने चढणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकार कमी होता. ड्रायव्हरांच्या गणवेशाची मापं नोकरीच्या सुरुवातीपासूनच मोठी होती हेही पुढे मॉरिस यांच्याच अभ्यासात दिसलं, म्हणजे सगळा दोष बसण्याचा नव्हता. तरी कामातली हालचाल मोजण्यासारखी असते, हा विचार तिथून पुढे आला.

आपल्या ऑफिसात याचा अर्थ काय? सगळ्यात मोठा फायदा जेवणानंतरच्या वेळेचा आहे. सलग बसणं मध्येमध्ये तोडून दोन ते पाच मिनिटं चाललं तरी जेवणानंतरची साखरेची उसळी कमी होते, हे २०२२ च्या एका आढाव्यात दिसलं. रात्रीची शतपावली आपल्याला आजी-आजोबांपासून माहीत आहे. दुपारची मात्र आपण सोडून दिली. डबा संपला की खुर्चीत परत न जाता कॅम्पसच्या आतल्या रस्त्याने एक फेरी मारायची, डबा धुण्याच्या आधी. एकदा जागेवर बसलं की कुणीतरी ‘दोन मिनिटं आहेत का’ म्हणत येतं आणि फेरी राहते.

जिना चढताना दोन-तीन मजल्यांत धाप लागते, म्हणून तो कमी वेळात जास्त देतो. दहाव्या मजल्यावर ऑफिस असेल तर सातव्यापर्यंत लिफ्ट आणि पुढे जिना. गुडघे दुखत असतील तर चढताना जिना आणि उतरताना लिफ्ट. अर्ध्या-पाऊण तासाने एकदा उठायचं. मोठ्या बाटलीऐवजी लहान बाटली ठेवली की पाण्यासाठी उठणं आपोआप होतं. मान आणि डोळ्यांसाठी स्क्रीन हातभर अंतरावर आणि तिची वरची कड डोळ्यांच्या रेषेत असावी. लॅपटॉपखाली पुस्तकांचा गठ्ठा ठेवून वेगळा कीबोर्ड लावला की मान आखडणं बरंच कमी होतं.

या पर्यायाची कमजोरी म्हणजे रिलीजचा, म्हणजे काम क्लायंटच्या हाती द्यायच्या घाईचा, आठवडा. त्या दिवसांत पहिला बळी याचाच जातो. आणि स्नायूंना हवा तेवढा ताण यातून मिळत नाही.

योगवर्गांबद्दल थोडक्यात. ठाण्यात घंटाळी मित्र मंडळ आणि श्री अंबिका योग कुटीर ही नावं बहुतेकांना माहीत असतात. पाठ धरणाऱ्यांना, झोप नीट न लागणाऱ्यांना आणि घाईने सगळं सोडणाऱ्यांना मी आधी योगवर्गच सुचवेन. दम वाढवायला मात्र सोबत चालणं ठेवा.

मग कुणी काय निवडावं

तलाव पायी दहा मिनिटांवर असेल तर सकाळची चाल ठेवा आणि आठवड्यातून दोन दिवस घरी खुर्ची-ओट्याचा व्यायाम. जिमची गरज नाही.

घोडबंदर, कासारवडवली किंवा त्याही पुढून येत असाल तर रोजची सकाळ बांधून घेऊ नका. ऑफिसातली हालचाल हाच तुमचा रोजचा व्यायाम. शनिवार-रविवारी सोसायटीच्या जिममध्ये स्नायूंचं काम आणि एक मोठी चाल.

अंग बारीक, पोट सुटलेलं आणि साखर काठावर, असं असेल तर पहिला पैसा आणि पहिला वेळ स्नायूंवर घाला. दुपारची फेरी मात्र सोडू नका.

परदेशी क्लायंटमुळे रात्रपाळी असेल तर शिफ्टला निघण्याआधीचा व्यायाम बरा. पहाटे घरी येऊन जिमला जाण्यापेक्षा पडदे ओढून झोपा.

छातीत दडपण येणं, चढताना नेहमीपेक्षा जास्त धाप लागणं, चक्कर, किंवा बीपी वाढलेलं असताना काहीही सुरू करण्याआधी डॉक्टरांना दाखवा. एचबीएवनसी (रक्तातल्या साखरेची तपासणी) ५.७ ते ६.४ टक्क्यांच्या दरम्यान, म्हणजे साखर काठावर, असेल तर आज केलेली निवड लागू पडली का, हे साधारण तीन महिन्यांनी तीच तपासणी पुन्हा करून कळेल. ती मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी दाखवते, त्यामुळे पंधरा दिवसांत रक्त देऊन आलात तर त्यात पुरता फरक दिसणार नाही.