दिवसाच्या विजेचे आठ महिने आणि एक कॅपॅसिटर

आमची शेतीपंपांना वीज देणारी वाहिनी (फीडर) नोव्हेंबरात सौर प्रकल्पाला जोडली गेली, त्याला आता आठ महिने होत आले. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना 2017 ची आणि तिचा दुसरा टप्पा 2023 चा, हे बहुतेकांना ठाऊक आहे; शेतीपंपांना सौर प्रकल्पातून दिवसा वीज देणारी ही योजना, एवढे सांगून पुढे जातो. फेब्रुवारीत आमचे रोहित्र (ट्रान्सफॉर्मर, गावच्या भाषेत डीपी) जळाले नसते, तर हा अनुभव मी चार ओळींत आटोपला असता आणि त्या चारही ओळी कौतुकाच्या असत्या.

कौतुक अजूनही आहेच. पूर्वी मोटारीला लागणारी थ्री-फेज वीज चक्राकार पद्धतीने काही दिवस दिवसा, तर काही दिवस रात्री मिळे. रात्रीची पाळी आली की कांद्याच्या वाफ्यांत बॅटरीच्या उजेडात दारे धरावी लागत आणि शेजारच्या उसात बिबट्या आहे की नाही, हे कुत्र्याच्या भुंकण्यावरून ठरवावे लागे. आता सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच वीज असते. आभाळ आले की मोटार बंद पडणार, अशी माझी पक्की समजूत होती. तीही डिसेंबरातल्या ढगाळ दोन दिवसांत खोटी ठरली, कारण प्रकल्पाची वीज उपकेंद्रात येते आणि तिथे कमी पडेल तेवढी नेहमीच्या जाळ्यातून भरून निघते.

मग फेब्रुवारीत एका सकाळी नऊ वाजून काही मिनिटांनी डीपीतून मोठा आवाज झाला, तेल खाली ओघळले आणि जळक्या वासाने सगळे बांधावर जमले. ग्रामीण भागात रोहित्र 48 तासांत बदलून मिळावे, असा नियम आहे. आम्हाला ते सहाव्या दिवशी मिळाले. त्यासाठी तीन चकरा, दोन अर्ज आणि गावातल्याच ट्रॅक्टरचे डिझेल लागले, ज्याचे पैसे आम्हीच वर्गणी काढून दिले. ऐन पोसणीच्या कांद्याला सहा दिवस पाणी नाही, याचा राग मी तेव्हा थेट सौर योजनेवर काढला आणि चावडीवर तसे बोलूनही दाखवले. ते बोलणे मी आता मागे घेतो.

नवे रोहित्र चढवायला आलेल्या वायरमनला मी रागानेच विचारले, की रात्रीच्या पाळीत न जळणारी डीपी दिवसा कशी जळते. तो खांबावरूनच म्हणाला, "गुरुजी, तुमची मोटारपण नऊच्या ठोक्याला आपोआप सुरू होते ना?" होत होती. स्टार्टरच्या पेटीत मीच ऑटोस्विच, म्हणजे वीज येताच मोटार आपोआप सुरू करणारा स्विच, बसवून घेतला होता. रात्री वीज कधी जाईल, कधी येईल याचा नेम नसताना ती सोय होती. वेळ ठरल्यावर तिचे कारण संपले, पण स्विच कोणीच काढला नाही. या डीपीवर पाच एचपीच्या बारा मोटारी आहेत. चालू स्थितीत एक मोटार साधारण पावणेआठ अँपिअर घेते आणि सुरू होताना त्याच्या सहापट ओढते. बाराही एकदम उठल्या तर कागदावर साडेपाचशे अँपिअर होतात. आमचे रोहित्र 63 केव्हीए क्षमतेचे, म्हणजे सतत 84 अँपिअर पेलणारे.

त्याच दिवशी मी ऑटोस्विच काढला आणि मोटारीला तारेतून ओढावा लागणारा प्रवाह कमी करणारा कॅपॅसिटर तालुक्याहून आणून बसवला, दोन केव्हीएआरचा (हे त्याच्या क्षमतेचे माप). हजाराच्या आत काम झाले. वायरमनने टाँग टेस्टर (तारेतला प्रवाह मोजायचा चिमटा) लावून दाखवला: आधी 7.8 अँपिअर, नंतर 6.6. पाणी तेवढेच, पाइपाची धार तीच, आणि तारेतला प्रवाह मात्र 1.2 अँपिअरने कमी. त्या आकड्याकडे मी किती वेळ पाहत राहिलो, हे सांगायला थोडा संकोच वाटतो. बाराही मोटारींचा मिळून भार सदुसष्ट केव्हीएच्या आसपास जात होता; सर्वांनी कॅपॅसिटर बसवले तर तो सत्तावन्नच्या आसपास येतो, म्हणजे तेच रोहित्र कमी पडणारे न राहता पुरणारे होते. त्यात आकडा टाकून चालणारी तेरावी मोटार मी धरलेली नाही. ती कोणाची, हे सगळ्यांना माहीत आहे.

एवढे स्वस्त असूनही लोक तो बसवत का नाहीत, याचे उत्तर बिलात आहे. एप्रिल 2024 पासून साडेसात एचपीपर्यंतच्या पंपांना वीज मोफत आहे. त्यामुळे प्रवाह कमी झाल्याचा फायदा खिशात दिसत नाही, तो डीपीला होतो, आणि डीपी सगळ्यांची असल्याने कोणाचीच नसते. मी स्वतः काटकसरी माणूस, पण बिल येत असते तरच हा खर्च आधी केला असता, हे कबूल करतो.

कॅपॅसिटर घेताना तो आपल्या एचपीप्रमाणेच घ्यावा; तीनला एक, पाचला दोन, साडेसातला तीन केव्हीएआर. फुगलेला दिसला तर लगेच बदलावा, आणि मोटार बंद केल्यावर थोडा वेळ त्याला हात लावू नये.

दिवसाच्या विजेबाबत एक तक्रार उरते: शेतातल्या वस्त्या याच वाहिनीवर असल्याने पाचनंतर तिथे मिणमिणता सिंगल फेज असतो, आणि ते गावठाणातल्या लोकांना कधीच समजत नाही.

मार्चपासून डीपी एकदाही बंद पडलेली नाही. बारापैकी आठ पेट्यांत कॅपॅसिटर आले आहेत आणि नऊ ऑटोस्विच निघाले आहेत. उरलेल्या तिनांतला एक माझ्या चुलतभावाचा आहे. मी विषय काढल्यापासून तो पेटीला कुलूप लावतो.