ठिबकच्या नळीची विद्यापीठातील चाचणी: सेवेविषयी अभिप्राय

जळगावच्या औद्योगिक वसाहतीत ठिबकच्या नळ्या तयार करणाऱ्या आमच्या लहान कारखान्याने, केळीच्या बागांत दुसऱ्याच उन्हाळ्यात तडकलेल्या नळ्यांचे कारण शोधण्यासाठी विद्यापीठातील पॉलिमर प्रयोगशाळेची सेवा घेतली. केवळ ‘पास-नापास’चा शिक्का न मारता प्राध्यापकांनी पदार्थाच्या अंतरंगापर्यंत जाऊन उत्तर दिले, हे मला सर्वांत मोलाचे वाटते.

डीएससी चाचणीत, म्हणजे नमुना हळूहळू तापवून तो कोणत्या तापमानाला वितळतो हे आलेखावर दाखवणाऱ्या चाचणीत, नळीच्या मूळ प्लास्टिकचे म्हणजे पॉलिथिलीनचे वितळण्याचे शिखर अपेक्षेप्रमाणे १२० अंश सेल्सिअसच्या आसपास दिसले. परंतु १६० अंशांजवळ आणखी एक लहान शिखर होते आणि ते पॉलिप्रोपिलीनचे निघाले. म्हणजेच पुरवठादाराने दिलेल्या दाण्यांत पुनर्वापराचा मिश्र माल होता. ही दोन प्लास्टिके एकमेकांत नीट मिसळत नाहीत, त्यामुळे त्यांच्या सीमेवर नळी कमकुवत राहते. पुढे नमुना नायट्रोजनमध्ये तापवून उरलेल्या काजळीचे वजन केले असता, सुमारे अडीच टक्के असायला हवे ते कार्बन ब्लॅक निम्मेही भरले नाही. खानदेशच्या उन्हातील अतिनील किरणांपासून नळीला वाचवणारा घटक हाच!

अहवाल मात्र फार उशिरा मिळाला, आणि तो मराठीतही दिला असता तर यंत्रावरील कामगारांना थेट वाचता आला असता. शुल्क वाजवी आहे. जाणाऱ्यांनी तडकलेल्या नळीबरोबर त्याच खेपेचे कच्चे दाणेही अवश्य न्यावेत. तुलनेशिवाय दोष मालाचा की प्रक्रियेचा, हे ठरवणे अवघड जाते.