चुंबक चिकटलं नाही म्हणून माल ३०४ स्टेनलेस समजू नका

जळगाव-धुळ्याकडे कुणी घरच्या घरी टर्बोचं (धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जादा हवा कोंबणाऱ्या पंख्याचं) मॅनिफोल्ड, म्हणजे इंजिनातला धूर टर्बोपर्यंत नेणारा पाइपांचा जोड, बनवत असेल, तर पाइप घेण्याआधी हे वाचा.

मी शेडमध्ये एका जुन्या पेट्रोल इंजिनाला स्टँडवर टर्बो बसवतोय. (रस्त्यावरच्या गाडीत असले उद्योग नकोत, मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं.) मॅनिफोल्डसाठी दीड इंची शेड्यूल १० चे बेंड (वाकवलेले पाइपचे तुकडे) हवे होते, म्हणजे भिंतीची जाडी २.७७ मिलिमीटर. टर्बोचं वजन त्यावरच लटकतं आणि इंजिनाला जोर दिला की आतला धूर ९०० अंशांपर्यंत तापतो. म्हणून ३०४ ग्रेडचं स्टेनलेस स्टील.

जळगावातल्या एका व्यापाऱ्याकडच्या बेंडवर ‘३०४’ छापलेलं होतं. मी ग्रेडबद्दल विचारलं तर गड्याने खिशातून चुंबक काढून लावलं. चिकटलं नाही. “देखा ना भाऊ, एक नंबर माल शे!” पैसे ३०४ च्या भावाने मोजून घेतले, हातात कच्ची पावती, त्यावर नुसतं ‘एसएस बेंड’. पक्कं बिल नंतर पाठवतो म्हणाला, ते आजतागायत आलेलं नाही.

खरी गोम त्या चुंबकात आहे. त्याने साधं लोखंड ओळखता येतं, २०२ हे स्वस्त ग्रेडचं स्टेनलेस नाही. ३०४ मध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं. २०२ मध्ये निकेल ४ ते ६ टक्के, बाकीची कसर मँगेनीजने भरून काढलेली. निकेल महाग, मँगेनीज स्वस्त, यांची कमाई तिथेच. चुंबकाला दोन्ही सारखेच. उलट अस्सल ३०४ थंड वाकवलेलं असेल तर वाकणावर चुंबक थोडं ओढतं, म्हणजे खराच माल नापास व्हायचा!

इंजिन चालवायला लागलो तशी पोर्टजवळ (इंजिनातून धूर बाहेर पडतो त्या तोंडाशी) आतून काळपट खपली सुटू लागली, नखाने निघेल अशी. वेल्डच्या कडेला बारीक चीर. मिनिटाला लाखावर फेरे घेणाऱ्या टर्बोच्या टर्बाइनमध्ये ती खपली गेली, तर पात्यांचं काय होईल ते सांगायला नको. मी इंजिन तिथेच थांबवलं. चीर वेल्डिंगमुळेही पडू शकते, म्हणून उरलेला कोरा बेंड स्टेनलेसच्या भंगारवाल्याकडे नेला. त्याने एक जागा घासून चकचकीत केली, औषधाचा थेंब टाकला, नऊ व्होल्टची बॅटरी टेकवली. थेंब लाल झाला, म्हणजे मँगेनीजचा माल. शेजारी खऱ्या ३०४ च्या तुकड्यावर तोच थेंब टाकला, तो लाल झाला नाही.

व्यापारी आता म्हणतो, हा बेंड माझ्या दुकानातला कशावरून? ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, तक्रार केली आहे. तिथेही पहिला प्रश्न बिलाचाच आला.

तुम्ही घ्याल तेव्हा बिलावर ‘३०४’ लिहून घ्या, मिल टेस्ट सर्टिफिकेटवरचा (कारखान्याच्या तपासणी दाखल्यावरचा) हीट नंबर, म्हणजे धातूच्या त्या ओतणीचा नंबर, बेंडवरच्या नंबराशी ताडून पाहा, आणि थेंबाची परीक्षा दुकानातच, पैसे देण्याआधी करायला लावा. त्याने पुन्हा चुंबकच पुढे केलं तर दुसरं दुकान बघा.