चावीचा टायमर : कामाच्या टेबलावर किती उपयोगी?

कोल्हापुरात महाद्वार रोडवर भांड्यांच्या दुकानात मिळणारा साठ मिनिटांचा चावीचा किचन टायमर टेबलावर ठेवायला घ्यावा का? घ्यावा, पण बघून. मोबाइलमध्ये टायमर असतोच, पण तो लावायला मोबाइल हातात घेतला की आधी व्हॉट्सॲप उघडतं.

तबकडी थेट पाचावर आणून सोडू नका. स्प्रिंगला पुरता ताण बसत नाही, मग घंटी अर्धवट वाजते नाहीतर वाजतच नाही. आधी पन्नासच्या पुढे फिरवा, मग हव्या त्या आकड्यावर मागे आणा. एखाद-दुसऱ्या मिनिटाचा फरक धरूनच चाला. दुकानातच पाच मिनिटं लावून घंटी ऐका. दुकानदार कुरकुरला तरी चालेल.

२५ मिनिटं काम, ५ सुट्टी, चार फेऱ्यांनंतर १५ ते ३० मिनिटं मोकळी, ही इटलीच्या फ्रान्चेस्को चिरिलो यांची १९८० च्या दशकाअखेरची ‘पोमोदोरो’ पद्धत. जीएसटीची बिलं चढवणं, पेपर तपासणं अशा तुकडे पडणाऱ्या कामाला ती फिट्ट बसते. शिरोली, गोकुळ शिरगावच्या कारखान्यांची कॅड (संगणकावरची) ड्रॉइंग करणाऱ्यांना मात्र २५ अपुरी. डोकं लागतं न लागतं तोच घंटी. त्यांनी ५० आणि १० ठेवावं. राजारामपुरीत काउंटरवर बसणाऱ्याने हा नाद सोडावा, गिऱ्हाईक टायमर बघून येत नाही.

टिकटिक मोठी आहे. खाली जाड फडकं घातलं की बरीच दबते, तरी अभ्यासिकेत नेऊ नका. तिथे सेलवरचा डिजिटल घ्या, आवाज बंद करून नुसता दिवा लागणारा.