काळा चकचकीत स्टेअरिंग बॉक्स आणि माझे ३८,००० रुपये

जुन्या विलीज जीपच्या चॅसिसवर हॉट रॉड, म्हणजे जुनी गाडी बदलून केलेली झोकदार, वेगवान गाडी बांधायचं खूळ डोक्यात होतं. पुढे रुंद टायर टाकले आणि स्टेअरिंग इतकं जड झालं की गाडी पार्क करताना खांदे भरून यायचे. मूळ बॉक्स (स्टेअरिंगचं फिरणं चाकांकडे पोचवणारी गिअरची पेटी) रॉस पद्धतीचा, कॅम आणि लिव्हरवाला. त्याजागी पॉवर स्टेअरिंगचा बॉल-नट (आत गोळ्यांवर सरकणारा नट असलेला) बॉक्स बसवायला रबाळे एमआयडीसीतल्या एका गॅरेजवाल्याने ३८,००० सांगितले. "बिल पाहिजे तर जीएसटी वेगळा, साहेब." मी बिल घेतलं नाही. ही चूक माझीच.

बॉक्स काळाकुळीत, चकचकीत. चाकं सरळ ठेवून स्टेअरिंग हलवलं तर प्ले, म्हणजे मोकळी हालचाल, शून्य. खूश झालो, आणि तिथेच मेख होती. गाडी बहुतेक वेळ सरळच चालते, म्हणून हा बॉक्स मधोमध झिजतो. वरचा ॲडजस्टिंग स्क्रू आवळला की मधला प्ले गायब, पण वळवताना न झिजलेले दाते एकमेकांत घट्ट बसतात. आठवड्याभराने घोडबंदर रोडला गायमुखच्या वळणावर स्टेअरिंग वळलं ते मागे येईचना. दोन्ही हातांनी ओढून आणलं. मागचा टेम्पोवाला शिव्या घालत गेला.

वागळे इस्टेटमध्ये आयुष्य काढलेल्या फिटर काकांनी ड्रॉप आर्मवरचा (बॉक्समधून बाहेर येऊन चाकांच्या दांड्यांना ढकलणाऱ्या दांड्यावरचा) रंग ब्लेडने खरवडला. खाली वेल्डिंगची जाड रेघ! आर्म कापून, लांबी जुळवून जोडलेला. "अरे, हा फोर्जिंगचा, ठोकून घडवलेला माल. वेल्ड धरेल, पण शेजारी तडकेल." त्यांनी भेगेत मुरणारा लाल डाय लावला, दहा मिनिटांनी पुसून तो बाहेर ओढणारा पांढरा डेव्हलपर फवारला. वेल्डच्या कडेने केसाएवढी लाल रेघ हळूहळू उमटली. पोटात गोळाच आला.

जाब विचारायला गेलो तर गॅरेजवाला हसला. "मॉडिफाय गाडी घेऊन तक्रार कुठे करणार?" दुखरी नस बरोबर धरली होती. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ तपशिलाशी आरसी जुळेनाशी होईल असा बदल चालत नाही, आणि माझ्या जीपमध्ये तसले बदल ढीगभर.

असा बॉक्स घेणार असाल तर इंजिन बंद ठेवून, ड्रॅग लिंक (ड्रॉप आर्मपासून चाकांकडे जाणारा दांडा) सोडवून नुसता बॉक्स या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून बघा. मधून बाजूला जाताना जड लागला तर निघून या. ड्रॉप आर्म रंग न दिलेलाच मागा. आणि आपला जुना बॉक्स आधी ताब्यात घ्या. माझा त्याने ठेवून घेतला होता. परवा त्याच्या दर्शनी फळीवर दिसला, काळा चकचकीत.